‘वाचन सुरू आहे’ असं लिहू नकोस

वाचकांचे प्रश्न

(या सदरात उत्तरं देणाऱ्या बाई पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून कक्षाधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

नमस्कार मॅडम,

मी मूळची अंबाजोगाईची. इतिहासात एम.ए. केलं, नेट दिली. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली नाही, पण पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरले. पुण्यात मुलाखत झाली, यादीत नाव आलं आणि मग खरी वरात सुरू झाली. आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन वेळेत मिळेना. दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव ज्ञानोबा आणि पदवीवर ज्ञानदेव, म्हणून ॲफिडेव्हिट मागितलं. ते नेलं तर दुसरे साहेब म्हणाले, राजपत्र लागेल. फी भरायच्या शेवटच्या दिवशी पोर्टल बसलं. पैसे खात्यातून गेले, पावती आली नाही. बाबा रात्रीच्या एसटीनं कागद घेऊन यायचे आणि तसेच परत जायचे. प्रवेश आधी तात्पुरता झाला, बऱ्याच दिवसांनी कायम झाल्याचं पत्र आलं.

आता नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. खोलीत चौघी, बाकीच्या तिघी एमपीएससीच्या. विषय साधारण ठरलाय : १८९७ च्या प्लेगात पुणे सोडून बाहेर गेलेली माणसं. पण खरं सांगू का, मला आनंदच झाला नाही. रात्री दोनला जाग येते आणि मोबाइलवर पोर्टल उघडून माझं नाव अजून तिथे आहे ना, ते बघते. डिपार्टमेंटला गेलं तर कोणी काही विचारत नाही. सर दहा मिनिटं भेटले, ‘वाचत राहा’ म्हणाले. काय वाचू? घरून रोज फोन : अभ्यास सुरू झाला का? मी हो म्हणते. कधी वाटतं, यादीत माझं नाव चुकूनच आलं असावं. सुरुवात कशी करायची असते?

— एक विद्यार्थिनी, नारायण पेठ

तू माझ्या मुलीपेक्षाही लहान असशील, म्हणून अगं-तुगं करते.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण तिचं उत्तर मला छातीठोकपणे देता येतं. त्या याद्या मी केलेल्या आहेत. यादीतून नाव चुकून गळतं, कितीदा तरी गळतं. चुकून येत नाही. यादी लागली की ज्यांची नावं नाहीत ते दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आत खिडकीशी उभे असतात, अमक्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त कसे हे विचारायला. एकेक नाव सोलून निघतं त्यात. शिवाय जेआरएफ नसलेल्यांची निवड नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन देऊन होते. म्हणजे त्या परीक्षेला तू जे सोडवलंस, त्यावरच तू बरीचशी आत आलीस. मुलाखतीत कोणाला तुझा चेहरा आवडला की नाही, हा हिशेब उरलेल्या ३० मधला.

आता माझ्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी पीएच.डी. नाही. बी.कॉम. आहे. प्लेगवर काय वाचायचं ते सर सांगतील. माझी नोकरी फायलींत गेली. माणूस पहिल्यांदा कागद घेऊन येतो तेव्हाचं त्याचं तोंड मी पाहिलंय, आणि प्रबंधाच्या प्रती घेऊन येतो तेव्हाचंही. मधल्या वर्षांत त्याचं काय झालं ते फायलीत वाचलंय. तेवढ्या अधिकारानं बोलते.

प्रवेशाच्या काळात तुला रोज कोणीतरी तारीख देत होतं. अमक्या दिवसापर्यंत हे आणा, तमक्या वाजेपर्यंत ते भरा. त्रास होता, पण उठल्यावर काय करायचं हे ठरलेलं होतं. कायम झाल्याचं पत्र हातात आलं आणि तारखा देणारे सगळे एकदम गप्प झाले. कार्य उरकलेल्या घरासारखं झालंय तुझं. मांडव उतरला, आचारी गेले, आणि घरच्या बाईला अजून रात्री दचकून जाग येतेय की नारळ सांगितले होते का. यात तुझं काही बिघडलेलं नाही. आमच्या खिडकीशी प्रवेश झाल्यावरही येणारे पुष्कळ असायचे. काम काही नसायचं. ‘मॅडम, माझं सगळं पूर्ण आहे ना?’ एवढंच विचारायचं असायचं. मी फाइल काढून दाखवायचे. आमचे एक सहकारी वैतागायचे, पण मला वाटायचं दोन मिनिटांनी कोणाला झोप लागत असेल तर आपल्या बापाचं काय जातं.

तुला फाइल दाखवायला मी आता तिथे नाही, म्हणून तुझी तूच कर. अप्पा बळवंत चौकातून एक जाड बॉक्स फाइल आण. प्रवेशाचं पत्र, कायम झाल्याचं पत्र, प्रत्येक फीची पावती, मायग्रेशन जमा केल्याची पोच, पात्रता प्रमाणपत्र, मुलाखतीचं पत्र, सगळं तारखेच्या क्रमानं लाव. स्कॅन करून एक प्रत ईमेलवर आणि एक अंबाजोगाईला बाबांकडे ठेव. ज्या पैशांची पावती आली नाही, त्याचं बँकेचं स्टेटमेंट काढून त्यावर लेखा विभागाचा शिक्का घे. लेखा विभागातली माणसं बदलतात, शिक्का बदलत नाही. आणि मग रात्री जाग आली तर पोर्टल न उघडता फाइल उघड. पोर्टल बसतं, फाइल बसत नाही.

वडिलांच्या नावाचा घोळ ॲफिडेव्हिटवर भागला असेल तर तो मिटला असं समजू नकोस, फक्त पुढे गेलाय. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, तो आत्ताच, या निवांत दिवसांत भर. प्रबंध जमा करताना हाच घोळ पुन्हा उभा राहतो आणि तेव्हा तुझ्याकडे एक दिवसाचीही सवड नसते. शीर्षकाचंही तसंच. विषय मंजूर झाल्याच्या पत्रात जे शीर्षक छापलंय तेच प्रबंधाच्या पहिल्या पानावर हवं, अक्षर न अक्षर. ‘व’च्या जागी ‘आणि’ केलेले प्रबंध आमच्या टेबलावरून परत गेलेत. विद्वान माणसं भांडायची, अर्थ तोच आहे म्हणून. अर्थाशी आमचा संबंध नव्हता हो.

फाइलच्या आतल्या बाजूला प्रवेशाची तारीख लाल शाईनं लिही. यूजीसीची २०२२ ची नियमावली सध्या लागू आहे. तिच्याप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. सहात झालं नाही तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन, बायकांना त्यावर आणखी दोन, पण एकूण दहाच्या वर नाही. ही सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात. विषय मंजूर होईल तेव्हापासून घड्याळ सुरू होतं असं समजणारे मी दरवर्षी पाहिले, आणि त्यांना ते पाचव्या वर्षी कळायचं. तुझं घड्याळ सुरू झालंय. घाबरवायला सांगत नाही, सहा वर्षं पुष्कळ असतात.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं असतं, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर आलाच. ५५ टक्के लागतात. ते करशीलच, त्यावर जास्त बोलत नाही.

आता तू विचारलंस त्याकडे येते, सुरुवात कशी करायची.

दर सहामाहीला तुला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते सांगायचंय. आरएसी म्हणतात तिला सगळे. त्यासाठी प्रगती अहवाल द्यावा लागतो आणि तो शेवटी फायलीला लागतो. असे अहवाल मी किती लावले असतील त्याला गणती नाही. त्यांत एक ठरलेला मजकूर असायचा : ‘सदर कालावधीत विषयाशी संबंधित संदर्भग्रंथांचे वाचन सुरू आहे. माहिती संकलनाचे कार्य प्रगतिपथावर आहे.’ खाली सही, मार्गदर्शकाची सही. पुढच्या सहामाहीला पुन्हा तेच, फक्त तारीख बदललेली. त्याच्या पुढच्याला पुन्हा. मला ते वाचताना कळायचं की या फाइलला पुढे नोटीस लागणार. आणि लागायची. त्यातल्या काही नोटिसा सुवर्णपदकवाल्यांच्या होत्या, मीच टाइप केल्यात.

दुसऱ्या तऱ्हेचे अहवाल थोडे असायचे, आणि ते वाचायला मला आवडायचं, विषय कळत नसला तरी. तुझ्या विषयात तसा अहवाल लिहायचा तर साधारण असा होईल : ‘जानेवारी ते जून १८९७ चे केसरीचे अंक पाहिले. मे महिन्यातला एक अंक मिळाला नाही, दुसरीकडे शोधते आहे. शहर सोडून गेलेल्यांचे उल्लेख टिपले. ते बहुतेक पेठांतल्या पांढरपेशा घरांचे आहेत. मजूर, कारागीर, छावणीत नेलेल्या बायका यांचं कुठे सापडेल ते अजून कळलेलं नाही.’ बघ, यात काम फार मोठं नाही. उलट अर्ध्या गोष्टी सापडल्या नाहीत असंच लिहिलंय. पण असा अहवाल लिहिणाऱ्या माणसाला उद्या सकाळी उठून कुठे जायचं ते माहीत असतं. प्रबंध घेऊन आमच्याकडे यायची ती हीच माणसं. हुशारीचा आणि त्याचा फार संबंध मला तरी दिसला नाही.

तेव्हा सहामाहीची वाट बघू नकोस. दर महिन्याच्या शेवटी असं एक पान स्वतःसाठी लिही. काय पाहिलं त्याचं नाव, वर्ष, पान. काय मिळालं नाही. कोणता प्रश्न अडला. ‘वाचन सुरू आहे’ हे शब्द त्यात येऊ द्यायचे नाहीत, एवढा एक नेम धर.

आणि ते पान सरांना दे. ‘वाचत राहा’ म्हणणारे सर वाईट नसतात. प्राध्यापकांना एका वेळी आठ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकांना सहा, सहायकांना चार. शिवाय तास, परीक्षा, नॅकचे कागद. तू रिकाम्या हातानं गेलीस तर ते तरी काय बोलणार? पान घेऊन गेलीस की त्यांना त्यात काहीतरी खटकेलच. प्राध्यापकांना कागद दिला आणि खटकलं नाही असं मी पाहिलेलं नाही. निघताना पुढच्या भेटीची तारीख मागून घे. नुसतं ‘येते सर’ म्हणून निघू नकोस.

सरांच्या निवृत्तीची तारीखही माहीत करून घे. त्यांना विचारायला संकोच वाटला तर ऑफिसात विचार, तिथे सगळ्यांच्या तारखा पाठ असतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, म्हणजे तीन तरी तुझ्या हातात नक्की आहेत. पण तुला पाच लागली तर? निवृत्तीनंतर त्यांना वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक राहता येतं, मुख्य मार्गदर्शक मात्र दुसरे लागतात. ते कोण असतील, याचा विचार आत्तापासून मनात असू दे. शेवटच्या वर्षी मार्गदर्शक बदलायला आलेल्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलंय मी.

अजून एक, आणि हे कोणी छापत नाही म्हणून मीच लिहिते. सरांच्या घरची कामं. गॅसचा नंबर लावून ये, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते घाल, मॅडमना स्टेशनवर सोड. सगळे असे नसतात, बरेच फार सरळ असतात. पण असलेच, तर पहिल्याच वेळी ‘सर, आज मला ग्रंथालयात बसायचंय, परवा चालेल का?’ असं हसून म्हण. परवापर्यंत बहुधा दुसरं कोणीतरी सापडलेलं असतं.

तुझ्या खोलीतल्या तिघींबद्दल. त्यांच्याकडे अभ्यासक्रम आहे, परीक्षेची तारीख आहे, भिंतीवर वेळापत्रक आहे. पहाटे जाऊन त्या अभ्यासिकेत जागा धरतात. त्यांच्याशी मैत्री कर, त्यांच्यासारखी लवकर ऊठ, पण त्यांच्या अभ्यासिकेत पैसे भरून बसू नकोस. तिथे बारा बारा तास पाठांतर करणाऱ्यांच्या मधोमध तू बसलीस की रात्री तुला वाटणार, सगळ्यांचं काहीतरी झालं, माझंच काही नाही. तुझ्या पाठ करण्यासारखं काही नाही मुळात. तू ग्रंथालयात बस, जिथे उठून कपाटापर्यंत जाता येतं. गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय बीएमसीसी रस्त्यावर आहे. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालचं. केसरीवाडा तर तुझ्याच पेठेत. बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखांचं पत्र लागतं. एकाच दिवशी चार-पाच पत्रं सही करून घे आणि फायलीत ठेव. दर वेळी सहीसाठी दाराशी उभं राहण्यात फार आयुष्य जातं.

मुंबई सरकारचं त्या काळचं दप्तर मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहे. सकाळी डेक्कन क्वीननं जायचं, सीएसएमटीहून चालत काळा घोडा, दिवसभर बसायचं, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. आमच्या इतिहासवाल्या पोरी असंच करायच्या, दुपारचा डबा पुण्यातून नेऊन. आणि हातानं लिहिलेले मराठी कागद हवे असतील तर मोडी आलीच. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात. पहिल्या वर्षी शिकून घे, नंतर कोणी शिकत नाही.

शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या राज्यातले तुझ्या विषयाजवळचे दोन-तीन प्रबंध काढ. पहिलं प्रकरण वाचू नकोस, शेवटची संदर्भसूची आधी वाच. कोणाला कोणते कागद कुठे मिळाले ते तिथे फुकट कळतं. सरकारी विद्यापीठ असेल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेतून जानेवारी २०२५ पासून परदेशी नियतकालिकंही उघडतात. कसं ते ग्रंथपालांना विचार. ग्रंथपालांना कोणी काही विचारत नाही अशी त्यांची तक्रार असते, खूश होतील. कॅन्टीनमध्ये मात्र कोणीतरी भेटेल आणि म्हणेल, पेपर टाकून टाक, अमुक इतके पैसे भरले की आठवड्यात छापून येतो. तिथून उठायचं. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट राहिलेली नाही. तुझ्या विद्यापीठाची स्वतःची काही अट आहे का ते परिपत्रकात बघ, कॅन्टीनमध्ये नको.

विषय तू छान घेतलायस, म्हणून राहवत नाही. माझ्या आजेसासूबाई कसब्यातल्या. १८९७ ची साथ त्यांच्या जन्माआधीची, पण प्लेग पुढे कितीतरी वर्षं येत राहिला. त्या सांगायच्या, घरात उंदीर मरून पडला की कुलूप लावायचं आणि गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचं. पोरांना मजा वाटायची म्हणे, शाळा नाही. आणि मोठी माणसं? ते त्या कधी बोलल्या नाहीत, आम्ही विचारलंही नाही. अशी घरं अजून पेठांतून आहेत. तुझ्या कॉटच्या मालकीणबाईंनाच विचारून बघ, पुण्याच्या असतील तर.

एखाद्या रविवारी गणेशखिंड रस्त्यानं चाल. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेला इंग्रज अधिकारी रँड गव्हर्नमेंट हाउसमधल्या राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभातून परत निघाला तेव्हा याच रस्त्यावर चाफेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आणि ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे त्या सावित्रीबाई त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना गेल्या, १० मार्च १८९७ ला. चार महिन्यांच्या आतली ही दोन मरणं. एकाचे सरकारी कागद ढीगभर असणार, दुसऱ्याचे किती? मी बी.कॉम. आहे, पण मला हा प्रश्न पडतो. तुला पडत असेल तर तू योग्य ठिकाणी आली आहेस.

घरच्या फोनचं : ‘हो, सुरू झाला’ म्हणू नकोस. ‘बाबा, आज एकशे पंचवीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र हातात घेतलं’ असं काहीतरी सांग. त्यांनी एसटीत रात्री काढल्यात, त्यांना तेवढं तरी कळू दे. पुढच्या खेपेला आले की ऑफिसच्या खिडकीशी न नेता ग्रंथालयात ने.

आणि झोप. फाइल करूनही महिना-दीड महिना रात्री अशाच जात राहिल्या, जेवण जाईना, तर ते आळशीपणा म्हणून ढकलू नकोस. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जाणं कोणाच्या फायलीला लागत नाही. हे मी फायलींतली बाई म्हणून सांगते.

मुलानं एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर चाकणची चांगली नोकरी सोडून पीएच.डी.ला प्रवेश घेतला. जेआरएफ आहे म्हणतो. हा पगार समजायचा का? तो मार्गी कधी लागणार?

— एक वडील, चिंचवड

पगार नाही, अधिछात्रवृत्ती आहे, पण अगदीच किरकोळ नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी काम समाधानकारक असलं तर एसआरएफ होऊन ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. एकूण पाच वर्षं मिळते. अडचण रकमेची नसते, वेळेची असते. महिने महिने येत नाही आणि मग एकदम येते. तेव्हा खोलीभाड्याचे आणि मेसचे काही महिन्यांचे पैसे बाजूला असू द्यात, आणि ते तुम्ही दिलेत तर ‘उसने’ म्हणून द्या, त्याला बरं वाटेल. दर महिन्याला हजेरीचा आणि घरभाड्याचा कागद वेळेत जातोय ना, एवढं मात्र विचारत जा. उशीर बऱ्याचदा तिथेच होतो.

ज्यांच्या मुलांना जेआरएफ नाही त्यांच्यासाठी : बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गाच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जाहिरातींवर लक्ष ठेवा, जातीचा दाखला आणि वैधता आधीच काढून ठेवा. दोन छात्रवृत्त्या एकदम घेता येत नाहीत, त्या फंदात पडू नका, वसुली लागते.

मार्गी कधी लागणार, हे त्याला जेवताना विचारू नका. तो प्रयोगशाळेत दिवसभर हेच स्वतःला विचारत असतो.

माझं तिसरं वर्ष चालू आहे, कोर्सवर्क झालंय. लग्न ठरलंय, सासर नागपूरचं. सासरचे म्हणतात, तिकडच्या विद्यापीठात ट्रान्सफर करून घे. होते का?

— एक वाचक, कोथरूड

होते. लग्नामुळे गाव बदललं तर बाईला आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं, तसं २०२२ च्या नियमांत लिहिलेलंच आहे. अट एवढी की ते काम तुमच्या सध्याच्या संस्थेला किंवा मार्गदर्शकांना मिळालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावं, आणि झालेल्या कामाचं श्रेय आधीच्या मार्गदर्शकांना नि संस्थेला द्यायचं.

पण होते म्हणून करायलाच हवी असं नाही. नागपुरात तुमच्या विषयाचे मार्गदर्शक, त्यांच्याकडे रिकामी जागा, तिथल्या समितीची मान्यता, इकडची नाहरकत, हे जमेपर्यंत वर्ष सहज जातं. तिसरं वर्ष आहे, कोर्सवर्क झालंय, म्हणजे पुण्यात हजर राहायचं ते मुख्यतः आरएसीपुरतं, सहामाहीतून एकदा. मार्गदर्शकांशी आधी बोला. ते मानत असतील तर नोंदणी इथेच ठेवा आणि रात्रीच्या गाडीनं येऊन जा. अधिछात्रवृत्ती घेत असाल तर तिच्या हजेरीच्या अटी वेगळ्या असतात, त्या तपासा. पुढे मूल झालं तर एकदाच, २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, तीही नियमात आहे. मागायला लाजू नका.

लग्नानंतर नाव बदलणार असाल तर थांबा. प्रबंध जमा होऊन पदवी हातात येईपर्यंत कागदोपत्री माहेरचंच नाव चालू द्या. सासरच्यांना माझं नाव सांगा हवं तर.